वणेकाठी बसून बंगालच्या उपसागराचा उतार मोजताना

एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाचा विषय म्हणून मी 'उपग्रह आल्टिमेट्रीवरून बंगालच्या उपसागरातील गुरुत्वाकर्षणाचा नकाशा' असं लिहून दिलं, तेव्हा विभागातल्या निम्म्या लोकांनी एकच विचारलं: समुद्र पाहिलास का? नव्हता पाहिला. अजूनही नाही. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीच्या काठी. सगळ्यात जवळचा किनारा आंध्रचा, तोही सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांच्या वर. पण या कामात समुद्राजवळ राहून काही जास्तीचं मिळत नाही. उपग्रहाचा डेटा फुकट, नकाशे काढायचं जीएमटी हे सॉफ्टवेअर फुकट, पायथन ही संगणकाची भाषा फुकट. लागतं ते इंटरनेट, आणि आमच्याकडे ते रात्री अकरानंतर बरं चालतं. दिवसा डाउनलोड लावलं आणि लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून मी रात्रीच फायली उतरवायचे आणि दिवसा त्यांच्यावर काम करायचे.

बंगालचा उपसागर निवडायला एक कारण भावनेचं होतं, एक शास्त्राचं. भावनेचं असं की आमच्या वणेचं पाणी वर्धेत जातं, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी तिथंच जाते. शास्त्राचं कारण जास्त पक्कं. या उपसागराच्या तळाशी, गाळाखाली गाडलेल्या दोन लांबलचक पर्वतरांगा आहेत. एक ९०° पूर्व रेखांशाजवळून जाते, दुसरी ८५° पूर्व रेखांशाजवळून. नव्वद पूर्व रांगेवर गुरुत्वाकर्षण सरासरीपेक्षा जास्त भरतं, डोंगराचं वस्तुमान आहे म्हटल्यावर भरायलाच पाहिजे. उपसागरातल्या पंच्याऐंशी पूर्व रांगेवर मात्र ते कमी भरतं. डोंगर असून कमी. हे पुस्तकात वाचलं होतं, पण स्वतःच्या आकड्यांतून ते निघतं का, हे मला बघायचं होतं.

आता पद्धत. उपग्रह खाली रडारचा स्पंद सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. उपग्रहाची स्वतःची उंची कक्षेच्या गणितातून माहीत असते. तिच्यातून हे अंतर वजा केलं की समुद्राच्या पृष्ठभागाची उंची हाती येते. लाटा, भरती-ओहोटी, प्रवाह बाजूला काढले तर पाणी ज्या आकारात स्थिरावेल त्याला जिऑइड म्हणतात, आणि तो आकार गुरुत्वाकर्षण ठरवतं. तळाशी दोन हजार मीटर उंचीचा डोंगर असेल तर त्याचं वस्तुमान आजूबाजूचं पाणी आपल्याकडे ओढतं आणि वर साधारण दोन मीटरचा फुगवटा येतो. फुगवटा इतक्या किलोमीटरांवर पसरलेला असतो की बोटीतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. उपग्रहाला लागतो.

पण उंची ही खरी कामाची गोष्ट नव्हे, हे मला कळायला बरेच दिवस गेले. कामाचा आहे तो उतार. पाण्याचा पृष्ठभाग एका किलोमीटरमागे एक मिलिमीटर कलला, तर तो कल एक मायक्रोरेडियनचा. एवढ्या कलामागे गुरुत्वाकर्षणात साधारण एका मिलीगॅलचा फरक असतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा दहा लाखांवा भाग. आणि उताराचा मोठा फायदा असा की बहुतेक चुका आपोआप कटतात. कक्षेच्या गणितात पाच सेंटीमीटरची गडबड असेल तर ती शेजारच्या सात किलोमीटरवरच्या बिंदूतही तेवढीच असते. एकातून दुसरं वजा केलं की गेली. हवामानाच्या दुरुस्त्यांचं आणि खोल समुद्रातल्या भरतीचंही पुष्कळसं तसंच. ज्यानं कोणी उंचीऐवजी उताराकडे बघायचं ठरवलं, त्याला मी मनातल्या मनात हात जोडले आहेत.

डेटा घेतला 'सरल' या उपग्रहाचा. इस्रो आणि फ्रान्सची अवकाशसंस्था सीएनईएस यांचा हा संयुक्त उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२० ने गेला. त्यावर 'आल्टिका' नावाचा फ्रेंच रडार आहे, सुमारे ३६ गिगाहर्ट्झवर चालणारा. आधीचे बहुतेक आल्टिमीटर साडेतेरा गिगाहर्ट्झच्या आसपास चालत. वारंवारता वाढल्यामुळे आल्टिकाचा ठसा, म्हणजे स्पंद पाण्यावर जेवढ्या भागात पडतो तो, लहान आणि मोजमाप नेमकं. त्याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. ही वारंवारता पाण्याच्या थेंबांना फार हळवी आहे, मोठा पाऊस असला की संकेत क्षीण होतो. बंगालच्या उपसागरावरचे जून ते सप्टेंबरचे मार्ग मी नकाशावर काढले तर जागोजागी खंड पडलेले. इकडे आम्ही पेरणीसाठी पावसाची वाट बघत होतो आणि तिकडे पडून गेलेल्या जुन्या पावसानं माझे बिंदू खाल्ले होते.

पहिली सुमारे साडेतीन वर्षं सरल दर ३५ दिवसांनी त्याच वाटेवरून जायचा. त्यामुळे एकाच जागेची मोजणी पुन्हा पुन्हा मिळते, सरासरी काढली की मोसमी प्रवाह आणि भोवरे बऱ्यापैकी पुसले जातात. पण विषुववृत्तावर शेजारच्या दोन वाटांमध्ये सुमारे ८० किलोमीटरचं अंतर राहतं, आणि त्या फटीत आख्खा सागरी डोंगर लपू शकतो. जुलै २०१६ मध्ये त्याची कक्षा सोडून दिली, तो जरा जरा सरकत नव्या वाटांवरून जाऊ लागला. समुद्राची पातळी वर्षानुवर्षं मोजणाऱ्यांची त्यात गैरसोय झाली असेल. गुरुत्वाकर्षणवाल्यांना मात्र तेच हवं होतं. मी दोन्ही काळांतला डेटा घेतला.

पहिली फाईल उघडली त्या संध्याकाळी बाबा कामावरून आले होते. ते मिस्त्री आहेत, त्या वेळी गावातच एका घराच्या जोत्याचं काम चालू होतं. हात धुऊन माझ्या मागं उभे राहिले आणि स्क्रीनवरच्या रकान्याकडे बघत म्हणाले, "हे उणे साठ, उणे ऐंशी, उणे शंभर काय हाये सारं?"

"समुद्राच्या पाण्याची पातळी हाये बाबा. पृथ्वीचा एक गुळगुळीत, जरा चपटा गोळा धरतात गणितात. त्याच्यापासून पाणी इतकं खाली हाये."

"अन् हे वरचं कुठलं, खालचं कुठलं?"

"उणे साठ बंगालकडचं. उणे शंभर श्रीलंकेच्या खाली."

ते थोडा वेळ थांबले. "म्हणजे चाळीस मीटरचा उतार हाये. मंग पाणी काऊन नाही वाहून जात तिकडं?"

हा प्रश्न मला आमच्या विभागात कोणी विचारला नव्हता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तिथं ओळंबा सोडला तर तो पाण्याशी बरोब्बर काटकोन करते, कुठंही सोडा.

"मंग उतार कायचा? लेवलच झाली ना ते. तुमचा गोळा वाकडा हाये, पाणी नाही."

बरोबर आहे. लेव्हलच्या नळीत पाणी दोन्ही टोकांना सारखं दिसतं तेव्हा ते या जिऑइडलाच धरून असतं. गणितातल्या गोळ्याची नळीतल्या पाण्याला काही पडलेली नसते. श्रीलंकेच्या दक्षिणेला जिऑइड उणे १०६ मीटरपर्यंत उतरतो, जगातला सगळ्यात खोल खळगा तो. डच शास्त्रज्ञ वेनिंग माइनेझ यांनी १९४८ मध्ये जहाजावरच्या मोजणीतून तो शोधला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी २०२३ मध्ये त्याचं कारण पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणात, आफ्रिकेखालून सरकत आलेल्या उष्ण, हलक्या द्रव्यात दाखवलं. माझ्या कामाला मात्र तो खळगा अडचणीचाच होता. हजारो किलोमीटरांवर पसरलेला चाळीस मीटरचा उतार मला नको होता, मला हवे होते त्याच्या अंगावरचे बारीक उंचवटे.

तो काढून टाकायला आधीचं एक गुरुत्वाकर्षणाचं प्रारूप वजा करतात आणि शेवटी परत मिळवतात. इथं प्रकल्पाच्या सरांनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली. सगळे वापरतात ते ईजीएम २००८ प्रारूप पूर्ण बारकाव्यानिशी वजा करू नकोस, म्हणाले. समुद्रावर त्या प्रारूपात आल्टिमेट्रीच मिसळलेली आहे. ते वजा करून परत मिळवलंस तर तुझ्या नकाशात रांगा दिसतीलच, पण त्या तू काढलेल्या नसतील. म्हणून मी फक्त ग्रेस आणि गोचे या गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांवर उभं असलेलं प्रारूप घेतलं, तेही साधारण शंभर किलोमीटरपर्यंतच्या तपशिलाचं. त्याहून बारीक जे काही दिसेल ते सरलच्या उतारांतून आलेलं. नकाशा त्यामुळे जरा खडबडीत निघाला.

दुरुस्त्यांचा भाग कंटाळवाणा आहे, थोडक्यात सांगते. कोरडी हवा रडारच्या स्पंदाला इतकं रेंगाळवते की अंतर सुमारे २.३ मीटर जास्त दिसतं. बाष्पामुळे आणखी काही सेंटीमीटरांपासून चाळीसेक सेंटीमीटरांपर्यंत. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं वाढला की पाणी एक सेंटीमीटर दबतं. लाटांच्या शिखरांपेक्षा खळग्यांतून स्पंद जास्त परततो, त्याची वेगळी दुरुस्ती. या सगळ्यांचे रकाने फाईलमध्ये तयार असतात, फक्त योग्य चिन्हानं वजा करायचे. किनाऱ्यालगतचे वीसेक किलोमीटर मी सरळ सोडून दिले, तिथं रडारच्या ठशात जमीन घुसते.

मग उतार. आणि इथं मला लॅम्ब्टन भेटला.

हिंगणघाटात एका इंग्रज साहेबाची कबर आहे, एवढं लहानपणापासून ऐकून होते. हे साहेब म्हणजे विल्यम लॅम्ब्टन. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्यांनी सुरुवात केली आणि अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन उत्तरेकडे सरकत राहिले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटात त्यांचं निधन झालं. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मोजणीचा हा दक्षिणोत्तर चाप हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला, आणि तिथं हिशेब अडला. कल्याणपूर आणि कालियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर त्रिकोणांवरून एक येत होतं, ताऱ्यांवरून दुसरं. फरक ५.२३६ सेकंदांचा (हे सेकंद कोनाचे, एका अंशात ३६०० असतात). ताऱ्यांच्या मोजणीत 'सरळ खाली' कोणती दिशा हे ओळंबा सांगतो, आणि ओळंबाच हिमालयाकडे ओढला जात होता. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चचे एक वरिष्ठ धर्माधिकारी, जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब मांडला तर ओढ १५.८८५ सेकंदांची यायला हवी होती, म्हणजे दिसली त्याच्या तिप्पट. डोंगर दिसतो तेवढा ओढत नाही. १८५५ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाची मुळं खोलवर गेलेली असतात, वरच्या जादा वस्तुमानाची भरपाई खालच्या कमतरतेनं होते.

पाच सेकंद म्हणजे जवळपास पंचवीस मायक्रोरेडियन, म्हणजे किलोमीटरमागे पंचवीस मिलिमीटर. माझ्या पडद्यावर सागरी रांगांच्या कडेला दहा, वीस, तीस मायक्रोरेडियनचे उतार दिसत होते. राशी तीच. ओळंबा जितका कलतो तितकाच त्याला काटकोनात असलेला पाण्याचा पृष्ठभाग कलतो. एव्हरेस्टच्या माणसांना एकेका ठिकाणी रात्र रात्र तारे बघून जे मिळायचं, ते उपग्रह सेकंदाला सात किलोमीटर या वेगानं समुद्रावर नोंदवत जातो. हे लक्षात आल्यावर मला माझं काम अवकाशविज्ञान वाटेनासं झालं, सर्वेक्षणच वाटू लागलं. तसं ते आहेच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते दिशेनं. उपग्रह फक्त आपल्या वाटेच्या दिशेतला उतार मोजतो. सरलची कक्षा ध्रुवांजवळून जाणारी, त्यामुळे आपल्या अक्षांशांवर तिच्या वाटा जवळपास उत्तर-दक्षिण. चढत्या आणि उतरत्या वाटा एकमेकींना अगदी लहान कोनात छेदतात. त्यांच्यावरून उत्तर-दक्षिण उतार छान निघतो, पूर्व-पश्चिम उतारात मात्र चूक चौपटीहून जास्त वाढते. आणि माझ्या दोन्ही रांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या! त्यांच्या कडांचा उतार पूर्व-पश्चिमच असणार. म्हणजे नेमकं जे हवं तेच सगळ्यात गढूळ. पहिला नकाशा काढला तर नव्वद पूर्व रांग दिसत होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना उभे पट्टे, धुतलेल्या कापडावर रंग उतरावा तसे.

उपाय म्हणून जेसन-१ चा डेटा जोडला. या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी ६६ अंशांवर, त्यामुळे वाटा जास्त तिरक्या, पूर्वेचा घटक बराच बरा. २०१२-१३ मध्ये, आयुष्याच्या अखेरीला, त्याला मुद्दाम दाट विणीच्या कक्षेत ठेवलं होतं. दोन वेगळ्या उपग्रहांचे उतार एकत्र करताना प्रत्येकाला त्याच्या अचूकतेप्रमाणे वजन द्यावं लागतं. या वजनांच्या मागे मी कापूस वेचणीचा आख्खा हंगाम घालवला. सकाळी आईसोबत शेतात, दुपारनंतर लॅपटॉप. आई म्हणायची, "दोन्हीकडं वेचणंच हाये तुयं."

पुढचं गणित मला सगळ्यात सुंदर वाटतं. पूर्वेचा उतार पूर्वेकडे जाताना किती बदलतो आणि उत्तरेचा उत्तरेकडे जाताना किती, या दोहोंची बेरीज केली की गुरुत्वाकर्षण उंचीप्रमाणे किती बदलतं ते मिळतं. लाप्लासच्या समीकरणातून हे थेट निघतं. मग फुरिये रूपांतर करून त्यावरून गुरुत्वाकर्षणाची विसंगती, म्हणजे ते अपेक्षेपेक्षा किती कमी-जास्त आहे ते, काढायची. संगणकाला याला मिनिटभरही लागत नाही. महिनोन्महिने उतार चाळायचे आणि शेवटची पायरी चहा उतू जायच्या आत संपते.

नकाशा आला. नव्वद पूर्व रांग लाल, सलग, दक्षिणेकडे अगदी ठसठशीत आणि उत्तरेला गाळाखाली जाताना फिकी होत गेलेली. आणि तिच्या पश्चिमेला, रेखांश ८५ च्या आसपास, निळा पट्टा. उणे. त्याच रांगेला दक्षिणेकडे जोडला जाणारा अफनासी निकितिन हा सागरी डोंगर मात्र लाल. प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशाशी ताडून बघितलं. बारीक तपशिलात माझा पुष्कळ मागे होता, पण चिन्हं जुळत होती, जागा जुळत होत्या.

डोंगरावर उणे कसं, याचं एक स्पष्टीकरण असं. ज्वालामुखीच्या खडकांची रांग उभी राहिली तेव्हा तिच्या भारानं कवच खाली वाकलं, जिथं जड प्रावरण असायला हवं तिथं हलकं कवच गेलं. पुढे कोट्यवधी वर्षं हिमालयाचा गाळ येऊन तिच्यावर किलोमीटरच्या किलोमीटर साचला. वर रांग आणि गाळ यांच्या घनतेतला फरक मंदावला, खालची कमतरता तशीच राहिली. हिशेब उणे. एअरीची मुळंच ही, फक्त डोंगर झाकलेला. या रांगेच्या उगमाबद्दल अभ्यासकांचं अजून एकमत नाही आणि माझा नकाशा त्या वादात काही भर घालण्याइतका बारीक नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, याचा व्यवहारात उपयोग काय? मी पाणबुडीचं उदाहरण दिलं. ८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेची 'सॅन फ्रान्सिस्को' ही पाणबुडी प्रशांत महासागरात नकाशावर नसलेल्या सागरी डोंगरावर आदळली. समुद्रतळाचा जेमतेम पाव भाग आजवर जहाजांनी सोनारनं मोजला आहे, उरलेल्याचा अंदाज याच गुरुत्वाकर्षणावरून बांधतात. अमेरिकी नौदलाला याची किंमत आधीपासून कळत होती. त्यांनी १९८५ मध्ये सोडलेल्या जिओसॅट या आल्टिमीटर उपग्रहाच्या दाट मोजणीचा डेटा १९९५ पर्यंत गुप्त ठेवला होता. तो खुला झाल्यावर डेव्हिड सँडवेल आणि वॉल्टर स्मिथ या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये तो ईआरएस-१ या युरोपी उपग्रहाच्या डेटासोबत वापरून जगभरच्या समुद्रांचा नकाशा काढला. परीक्षक संरक्षणाचं नाव निघाल्यावर जरा खूश झाले. मला स्वतःला उपयोगाचा प्रश्न फारसा छळत नाही.

बाबांनी नकाशा बघून वेगळंच विचारलं: असाच आपल्या भागाचा निघते का? निघत नाही, या पद्धतीनं तरी. जमिनीवर पाणी नसतं जे स्वतःहून लेव्हल धरून बसेल. तिथं गुरुत्वमापी घेऊन गावोगाव फिरावं लागतं, लॅम्ब्टनसारखंच.

प्रकल्प जमा झाला, तरी काम चालू आहे. १६ डिसेंबर २०२२ रोजी नासा आणि सीएनईएसनं स्वॉट हा उपग्रह सोडला. त्यावर दहा मीटर अंतरावर दोन अँटेना आहेत आणि तो एका रेषेऐवजी १२० किलोमीटर रुंदीचा पट्टाच मोजत जातो. पट्टा मिळाला की पूर्वेचा आणि उत्तरेचा उतार एकदमच मिळतो, वाटेच्या दिशेचं रडगाणं संपलं. २०२४ च्या अखेरीस सँडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्वॉटच्या एका वर्षाच्या डेटातून निघालेला नकाशा आधीच्या तीस वर्षांच्या आल्टिमेट्रीहून सरस आहे. त्याच्या फायली मात्र फार मोठ्या, आमच्या रात्रीच्या इंटरनेटला न झेपणाऱ्या. सध्या मी १० ते १४ अंश उत्तर यांच्यामधला, ८५° रेखांशाभोवतीचा तेवढाच तुकडा उतरवते आहे. निळ्या पट्ट्याची पश्चिम कड सरल आणि जेसन मिळूनही तिथंच नीट सुटली नव्हती.